कॉयल, फेलन आणि कोल्हापूरचा वस्ताद

ओवेन कॉयल हा आयरिश फुटबॉल प्रशिक्षक चांगला, की कामापुरता आलेला पाहुणा, यावर माझं आणि मामांचं आजवर एकमत झालेलं नाही.

मामा मूळचे कोल्हापूरचे. तरुणपणी तिथल्या एका तालमीच्या संघातून डावा बॅक म्हणून शाहू स्टेडियमवर खेळले आणि मग पोटासाठी वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी म्हणून आले. घर कोपरखैरण्याला झालं, फुटबॉल मात्र कोल्हापूरचाच राहिला. मी शनिवार-रविवारी नेरुळला मुलामुलींना फुटबॉल शिकवते. इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मुंबई सिटीचं घरचं मैदान आमच्याच नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम होतं. पहिल्या वर्षीचा अंतिम सामनाही, २० डिसेंबर २०१४ चा, इथेच झाला. त्यामुळे परदेशी प्रशिक्षक हा विषय आमच्या घरात तेव्हापासूनचा आहे. २०२५ मध्ये कॉयलने चेन्नईयिन हा सुपर लीगमधला संघ सोडला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खालिद जमील भारताचा प्रशिक्षक झाला, तेव्हा वाद पुन्हा पेटला. तो झाला तसा इथे मांडते.

मामा : गेला न्हवं तुझा कॉयल? संघ तळाकडं ढकलला आणि चालता झाला.

मी : शेवटचा हंगाम वाईट गेला, मान्य. पण २०१९ च्या डिसेंबरात तो पहिल्यांदा आला तेव्हा हाच संघ तळाजवळ होता. जॉन ग्रेगरी पायउतार झाला त्या वेळी सहा सामन्यांत एकच विजय होता. कॉयल आला, संघ चौथा आला, उपांत्य फेरीत गोव्याला दोन सामने मिळून ६–५ असं हरवून अंतिम सामन्यात गेला. खेळाडू बहुतेक तेच होते, मामा. बदलला तो बाकावरचा माणूस.

मामा : आणि अंतिम सामना?

मी : हरला. कोलकात्याच्या एटीकेकडून ३–१. मार्च २०२० मध्ये, फातोर्ड्याला, रिकाम्या स्टेडियमात. कोरोनामुळे प्रेक्षक नव्हते.

मामा : तेच मी म्हणतोय. हरला आणि पुढच्या हंगामात माणूस जमशेदपूरला. तिथं जिंकला, तर स्कॉटलंडला परत. मग पुन्हा चेन्नईला. अगं, आमच्या तालमीतला वस्ताद असा जात न्हाई. जिंकला तरी तिथंच, हरला तरी तिथंच. पोरगं चार दिवस दिसलं न्हाई तर त्याच्या घरी जाऊन विचारतो. पोराची नोकरी, लगीन, सगळं त्याला ठाऊक असतंय. हे लोक करारावर येतात आणि करारावर जातात.

मी : मग तुमच्या बाजूचा आणखी पुरावा मीच देते. कॉयलने २००९ मध्ये बर्नलीला ३३ वर्षांनी इंग्लंडच्या सर्वांत वरच्या श्रेणीत नेलं. छोट्या गावाचा संघ. ऑगस्टमध्ये त्यांनी मँचेस्टर युनायटेडला १–० हरवलं. आणि जानेवारी २०१० मध्ये, हंगाम अर्धा असताना, कॉयल बोल्टनला गेला. त्या वर्षी बर्नली पुन्हा खाली घसरला. तिथल्या लोकांनी त्याला दगाबाज म्हटलं.

मामा : बघ. मी न बोलता माझं काम केलंस.

मी : पुढचंही ऐका. बोल्टन त्याचा जुना क्लब, तिथे तो स्वतः खेळला होता. १७ मार्च २०१२ रोजी टॉटनहॅमच्या मैदानावर त्याचा तरुण खेळाडू फॅब्रिस मुआम्बा खेळता खेळता कोसळला. हृदय बंद पडलं, ७८ मिनिटं ते आपणहून चाललं नाही. डॉक्टरांनी त्याला वाचवलं. रुग्णवाहिकेतून त्याच्याबरोबर रुग्णालयात कोण गेलं? कॉयल. तेव्हा बोल्टन खाली घसरायच्या बेतात होता, एकेक गुण मोलाचा होता, आणि मे महिन्यात संघ घसरलाही. पण तेव्हाच्या आठवणीत कॉयलची धडपड आहे ती त्या मुलासाठी.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे वस्तादाचं काम केलं त्यानं." मी त्यावर काही बोलले नाही. एखाद्या प्रशिक्षकाची सगळी कारकीर्द त्याच्या निष्ठेवर किंवा पळपुटेपणावर मोजायची आणि त्यातला हा एक दिवस सोडून द्यायचा, हे मला कधी पटलेलं नाही.

मामा : पण मला एक सांग. हा माणूस आयरिश कसा? तू म्हणतेस जन्म स्कॉटलंडचा.

मी : जन्म पेझ्लीचा, वाढला ग्लासगोत. घराणं आयर्लंडच्या डोनेगलचं. तिकडून पिढ्यान्‌पिढ्या माणसं कामासाठी ग्लासगोला जात आली. तुम्ही कोपरखैरण्यात राहता, मतदान इथे करता, तरी कुणी गाव विचारलं तर कोल्हापूर सांगता ना? तसंच. आयर्लंडकडून तो एकच सामना खेळला, एप्रिल १९९४ मध्ये, नेदरलँड्सविरुद्ध, तोही बदली खेळाडू म्हणून.

मामा : एकच?

मी : एकच. दोन महिन्यांनी अमेरिकेत विश्वचषक होता, त्या संघात त्याची निवड झाली नाही. एअरड्री, बोल्टन, डंडी युनायटेड, मदरवेल असा फिरत राहिला. गोल करायचा, पण मोठा तारा नव्हता. फॉल्कर्कला २००३ मध्ये खेळता खेळताच संघाची सूत्रं घेतली. आता त्याच्यासमोर रॉबी कीन ठेवा. आयर्लंडसाठी सर्वांत जास्त गोल करणारा, १४६ सामने, ६८ गोल. २०१७ मध्ये तो एटीकेकडून खेळायला भारतात आला. आधी प्रशिक्षक टेडी शेरिंगहॅम हटला, मग अ‍ॅशली वेस्टवूड आला, आणि हंगामाच्या शेवटी कीनलाच खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही केलं. आधीचा विजेता संघ त्या वर्षी दहात नववा आला.

मामा : त्याला दिवस किती मिळाले? शेवटच्या घटकेला ताट हातात दिलं आणि म्हणे वाढ.

मी : बरोबर. म्हणून मी कीनला दोष देत नाही. उलट त्याने नंतर मन लावून काम शिकून घेतलं. मिडल्सब्रोत आणि आयर्लंडच्या संघात सहायक झाला, लीड्समध्ये सहायक झाला, आणि मग मकाबी तेल अवीव आणि हंगेरीतल्या फेरेन्त्सवारोशला लीग जिंकून दिली. माझं म्हणणं एवढंच, की मोठा खेळाडू आणला की प्रशिक्षक मिळाला, असं आपल्याकडे सुरुवातीला मानलं गेलं. आपण दोघांनी ते इथेच पाहिलं. २०१४ च्या अंतिम सामन्यात केरळचा प्रशिक्षक डेव्हिड जेम्स, तोच संघाचा गोलरक्षक. पुढच्या वर्षी आपल्या मुंबईचा खेळाडू-प्रशिक्षक निकोला आनेल्का. चेंडू त्याच्या पायाला चिकटून राहायचा, पण संघ उपांत्य फेरीत पोचला नाही.

मामा : आणि त्याच वर्षी चेन्नई जिंकली, मातेराझ्झीच्या हाताखाली. तोही मोठा खेळाडूच. नियम म्हणून सांगू नकोस.

इथे मामांचं बरोबर होतं. माझा युक्तिवाद मातेराझ्झीपाशी अडतो आणि मी तो ओढून पुढे नेणार नाही. पण पुढे मामांनी जे नाव काढलं, त्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ बोललो, आणि मला वाटतं या विषयाचं मर्म तिथेच आहे.

मामा : मला या आयरिश प्रशिक्षकांत आवडतो तो फेलन. टेरी फेलन. डावा बॅक.

मी : तुमच्या जागेचा म्हणून.

मामा : जागेचा म्हणून, आणि राहिला म्हणून.

टेरी फेलनचा जन्म मँचेस्टरचा, रक्त आयरिश. उंची बेताची, वेग भन्नाट. १९८८ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात विंबल्डनने बलाढ्य लिव्हरपूलला १–० हरवलं, त्या संघात तो होता. मँचेस्टर सिटीने त्याला १९९२ मध्ये २५ लाख पौंडांना घेतलं, बचावपटूसाठी तेव्हा ही फार मोठी रक्कम होती. पुढे चेल्सी, एव्हर्टन. आयर्लंडकडून ४२ सामने. १९९४ च्या विश्वचषकात आयर्लंडने न्यू जर्सीत इटलीला १–० हरवलं, तेव्हा डावा बॅक फेलन होता. आणि ४ जुलैला ऑरलँडोत नेदरलँड्सविरुद्ध गोलरक्षकाकडे डोक्याने मागे दिलेला त्याचा चेंडू तोकडा पडला, ओव्हरमार्सने तो पळवला आणि बर्गकँपने गोल केला. आयर्लंड २–० हरून घरी गेलं.

मामा : ती चूक मी केलीय. शाहू स्टेडियमवर. अख्खा पूर्व स्टँड माझ्या नावानं ओरडला होता. पोराला बॅकपास शिकवायचा तर तो माणूस पाहिजे ज्याची रात्रीची झोप त्या बॅकपासनं गेलीय.

मी : पण त्याच्या प्रशिक्षकपदाचा निकाल काय? २०१५ मध्ये केरळ ब्लास्टर्सने पीटर टेलरला काढलं आणि फेलनच्या हाती संघ दिला. संघ आठांत आठवा आला. निकालाच्या तक्त्यावर कॉयलशी त्याची तुलनाच होत नाही.

मामा : त्याला आणला कशासाठी होता ते सांग की.

मी : केरळमधल्या लहान मुलांच्या फुटबॉलसाठी. मोठ्या संघाची जबाबदारी मधेच अंगावर पडली.

मामा : आणि संघ शेवटचा आला म्हणून पळाला का? न्हाई. इथंच राहिला. बेंगळुरूला साउथ युनायटेडमध्ये पोरं शिकवत बसला. विश्वचषक खेळलेला माणूस, चेल्सीचा माणूस, बेंगळुरूच्या मैदानात बारा वर्षांच्या पोराला पाय कुठं ठेवायचा ते सांगतोय. तू त्याला तक्त्यात शोधतेस. तक्ता मोठ्यांचा असतो. पोरांचा तक्ता दहा वर्षांनी लागतो.

हे मामांचं बोलणं मला लागलं. कारण मीही तेच काम करते, आणि तरी वाद घालताना गुणतक्ताच हातात धरते. आमच्याकडे पालक येतात ते विचारतात, तुमच्या संघाने कोणती स्पर्धा जिंकली? मुलगी डाव्या पायाने चेंडू मारायला शिकली का, हे फार थोडे विचारतात. कॉयलचं कौतुक करायला मला आवडतं, कारण ते आकड्यांत मांडता येतं. २०२१–२२ मध्ये जमशेदपूर : २० सामने, १३ विजय, ४३ गुण, लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिला क्रमांक. ७ मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याला ऋत्विक दासच्या एका गोलवर एटीके मोहन बागान हरला आणि शील्ड जमशेदपूरची झाली. आदल्या हंगामात हाच संघ सहावा होता. फेलनचं काम असं एका ओळीत लिहिता येत नाही.

मी : ठीक. मग पोरांच्याच तक्त्यावर या. छांगटे बघा. मिझोरमचा, पण घडला आपल्या पुण्यात, डीएसके शिवाजियन्सच्या अकादमीत. चेन्नईयिनमध्ये कॉयलच्या हाताखाली तो गोल करायला लागला. सगळं श्रेय कॉयलचं नाही, पण त्या हंगामात छांगटेला मोकळं धावू देणारा प्रशिक्षक मिळाला. पुढे तो मुंबई सिटीचा कर्णधार झाला. जमशेदपूरच्या शील्डच्या संघात जितेंद्र सिंग आणि बोरिस सिंग होते, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकातली आपली मुलं. कॉयलने त्यांच्यावर विश्वास ठेवला.

मामा : आणि अनिकेत?

मला ठाऊक होतं हा प्रश्न येणार. अनिकेत जाधव कोल्हापूरचा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत वाढला, २०१७ च्या विश्वचषकाच्या संघात होता, मग जमशेदपूरला गेला. कॉयलच्या पहिल्या हंगामात तो तिथे खेळला. शील्ड जिंकली त्या हंगामात मात्र तो जमशेदपूरमध्ये नव्हता, हैदराबादला गेला होता.

मामा : पोरगं सोडलं.

मी : मामा, त्याच हंगामात हैदराबादने लीगचा अंतिम सामना जिंकला. अनिकेत विजेत्या संघात होता. जमशेदपूर उपांत्य फेरीत केरळकडून हरलं.

मामा : पोरगं जिंकलं, हे चांगलंच. पण वस्ताद पोराला सोडत न्हाई.

मी : वस्तादाला पगार कोण देतो?

मामा : कोण न्हाई.

मी : मग वस्तादाचं घर कशावर चालतं?

मामांनी सांगितलं ते असं. त्यांच्या तालमीचे वस्ताद दिवसभर एका कारखान्यात काम करायचे आणि संध्याकाळी मैदानावर यायचे. शिट्टी, चेंडू, बुटांच्या नाड्या, सगळं पदरच्या पैशांनी. प्रशिक्षणाचा कोर्स केला नव्हता, वेळही नव्हता. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस अशा तालमी आणि क्लबांनी कोल्हापुरात फुटबॉल जिवंत ठेवला तो अशा माणसांच्या जिवावर. हजारो प्रेक्षक जमतात, पेठापेठांत ईर्ष्या चालते. आणि तरी एवढ्या मोठ्या परंपरेतून देशाच्या संघापर्यंत पोचलेली मुलं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मी हे मामांना तसंच सांगितलं. प्रेमाने शिकवणारा माणूस होता, पण आधुनिक तंत्र, आहार, दुखापतीची काळजी, वयाप्रमाणे सराव हे त्याला कुणी शिकवलंच नाही. मैदानात जीव ओतून त्याच्या हाती काही आलं नाही, आणि मुलांच्याही.

मामा : त्याला शिकवलं असतं तर?

मी : तेच तर. शिकवलं असतं तर तो खालिद जमील झाला असता.

खालिद जमील हा या वादातला आमचा एकमेव सामाईक माणूस. कुवेतमध्ये जन्मलेला, पण फुटबॉल मुंबईचा. महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळला, मुंबई एफसीचा वर्षानुवर्षं प्रशिक्षक राहिला. २०१७ मध्ये त्याने मिझोरमच्या छोट्या ऐझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली. तरी सुपर लीगमधल्या एखाद्या संघाने त्याला पूर्ण वेळचा मुख्य प्रशिक्षक नेमायला २०२१ उजाडलं, तेही नॉर्थईस्ट युनायटेडने. असा तो पहिला भारतीय. पुढे तो जमशेदपूरला गेला, जिथे कॉयलने शील्ड जिंकली होती. तिथून तो देशाचा प्रशिक्षक झाला आणि पहिल्याच स्पर्धेत, काफा नेशन्स कपमध्ये, भारताने ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला.

मामा : ऐझॉलला जिंकून चार वर्षं थांबला. कॉयलला कधी थांबावं लागलं?

मी : इथे मी तुमच्या बाजूची आहे. गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडाचंही तेच. मोठ्या संघांत सहायक म्हणून राहिला, वेळ पडली की हंगामी प्रशिक्षक झाला, आणि २०२३ मध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. परदेशी प्रशिक्षकाकडून आपले सहायक शिकतात ही चांगली गोष्ट. पण शिकून झाल्यावर त्यांना खुर्ची मिळत नसेल, तर ते शिकणं कुणासाठी?

मामा : मग कॉयल चांगला की न्हाई, ते सांग एकदाचं.

मी माझं मत सांगितलं आणि इथेही तेच लिहिते. कॉयल चांगला प्रशिक्षक होता. खचलेल्या संघात तो पंधरा दिवसांत जीव आणायचा, पुढे चाल करून खेळायला लावायचा, तरुण भारतीयांना धीर द्यायचा. दीर्घकाळ एका जागी काही उभं करणं त्याच्या कारकिर्दीत फारसं दिसत नाही. बर्नली, बोल्टन, विगन, ह्यूस्टन, ब्लॅकबर्न, चेन्नई, जमशेदपूर ही यादीच ते सांगते. आपण त्याच्याकडून जे घ्यायचं होतं ते थोडं घेतलं, बरंचसं सोडलं. आणि फेलनसारखी जी माणसं राहिली, त्यांच्याकडे आपण पाहिलंच नाही. मामांना यातला पहिला भाग मान्य नाही, दुसरा पूर्ण मान्य आहे.

नवी मुंबईला मैदानांची ददात नाही. डी. वाय. पाटीलवर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला, २०२२ मध्ये महिलांच्या आशिया चषकाचा आणि मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. खारघरला सिडकोचं फुटबॉल केंद्र आहे. घणसोलीला रिलायन्सची निवासी अकादमी आहे. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर शाळाशाळांतून लाखो मुलं एका दिवशी फुटबॉल खेळली, शाळांना चेंडूही मिळाले. त्या मुलांना दुसऱ्या दिवशी कोणी शिकवणारं लागतं, आणि ती माणसं याच शहरात राहतात. ऐरोली, कोपरखैरणे, सानपाडा, नेरुळ, पनवेल इथे कोल्हापूर-सांगलीकडून आलेली, गोव्याहून आलेली, केरळ आणि बंगालमधून आलेली अशी कितीतरी माणसं आहेत, जी कधीकाळी तालमीकडून, कॉलेजकडून, कंपनीच्या संघाकडून खेळली. त्यांना माझी विनंती आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा सुरुवातीचा प्रशिक्षण कोर्स काही दिवसांचाच असतो. तो करा आणि आठवड्यातली एक संध्याकाळ तुमच्या वॉर्डातल्या मैदानावर या. आणि पालकांनो, तुमच्या मुलांना शिकवणाऱ्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या, म्हणजे त्याला दिवसभर राबून उरलेल्या ताकदीवर तुमची मुलं घडवावी लागणार नाहीत.